जखम अज्ञात नसते

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यासमोर रात्री साडेनऊला एक टेम्पो थांबतो. हौद्यात रिकाम्या पोत्यांवर पन्नाशीचा एक माणूस आडवा पडलेला असतो. त्याच्या उजव्या पायाचा गुडघ्याखालचा आकार बिघडलेला. सोबत भाचा. खिडकीतला माणूस केसपेपर लिहायला घेतो आणि विचारतो, "काय झालं?" भाचा घुटमळतो. वाटेत कुणीतरी त्याच्या कानात सांगितलेलं असतं, की अपघात म्हणालास तर पोलीस येतील, जबाब होतील, प्लॅस्टर राहील बाजूला. तो म्हणतो, "मामा सायकलवरून घसरले." केसपेपरवर तेवढंच उमटतं: सायकलवरून घसरून पडले.

पाय मोडला होता गाडीच्या धडकेनं. कागदावर मात्र आता गाडीच नाही. धडक देणारा अर्ध्या तासापूर्वी पळाला होता, पण त्याचं पळणं पक्कं झालं ते या खिडकीपाशी. आणि ते पक्कं केलं जखमीच्याच माणसानं, मामाच्या काळजीपोटी. या प्रसंगात मी गावाचं नाव घातलेलं नाही, कारण कुठल्याही तालुक्याचं घातलं तरी चालेल.

अशा घटनांसाठी आपल्या वर्तमानपत्रांकडे एक ठरलेला साचा आहे: ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत एक जण गंभीर जखमी’. आतलं पान, चार ओळी. मोठ्या शहरात महागडी मोटार असली की तीच घटना ‘हिट अँड रन’ होते आणि पहिल्या पानावर येते. इंग्रजी शब्दांत निदान कुणीतरी पळालेला आहे. ‘अज्ञात वाहन’ या शब्दांत कुणी माणूसच नाही. वीज पडावी तसं वाहन आलं आणि गेलं. पोलिसांच्या फिर्यादीची जुनी, बोजड भाषा या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटते: हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने वाहन चालवून, अपघाताची खबर न देता पळून गेला. त्या लांबलचक वाक्याच्या शेवटी एक क्रियापद आहे आणि त्याला कर्ताही आहे.

पळालेल्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. त्याला शोधा, त्याला फाशी द्या, त्याची गाडी जाळा. मला इथं रस्त्यावर पडून राहिलेल्याबद्दल बोलायचं आहे. त्याचा पाय, त्याची मजुरी, त्याच्या घरची चूल हे सगळं आपल्या कायद्यानं पळालेल्या गाडीच्या नंबरला बांधून ठेवलं आहे. ही गाठ चुकीची आहे असं माझं म्हणणं आहे. ती सुटेपर्यंत जखमीच्या माणसांनी पहिल्या तासापासून काय करायचं, हेही त्याच ओघात सांगितलं पाहिजे. कारण आज त्याचा हक्क टिकतो तो कागदावर.

प्रश्न किती मोठा आहे? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी ६७,३८७ अपघातांत धडक देणारा पळून गेला, आणि या अपघातांत ३०,४८६ जण दगावले. म्हणजे रस्त्यावरच्या दर सात अपघातांमागे एकात चालक थांबला नाही. मृत्यूंत हे प्रमाण आणखी वाढतं, जवळजवळ पाचात एक. वेळेवर हात न मिळाल्याचाही त्यात वाटा असणार.

आता नंबराचं गणित पाहू. दोन माणसं, दोघेही गवंडीकाम करणारी, दोघांचाही उजवा पाय एकाच आठवड्यात एकाच रस्त्यावर मोडला. पहिल्याला धडक देणारी गाडी सापडली आणि तिचा विमा होता. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘क्लेम कोर्टा’त, जातो. तिथं त्याची बुडालेली मजुरी, औषधपाणी, पुढची शस्त्रक्रिया, सोसलेल्या वेदना, आयुष्यभराची घटलेली कमाई असं एकेक मोजलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’ या प्रकरणात यामागचं तत्त्व नीट उलगडून सांगितलं आहे. डावा हात गेला तर कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, पण सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडेल. म्हणून अवयवाकडे न पाहता त्या माणसाच्या जगण्याकडे पाहायचं. अतिशय शहाणं तत्त्व आहे.

दुसऱ्या गवंड्याला धडक देणारी गाडी सापडली नाही. त्याच्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १६१ आहे. गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये, मृत्यूला २ लाख. एवढंच. कारकून असो की सुतार, तरुण असो की म्हातारा, इथं कुणी काही मोजत नाही. हाड तेच, पाय तोच, घरी बसून काढायचे महिनेही तेच. फरक फक्त कुणाला गाडीचे शेवटचे चार आकडे दिसले होते का, याचा. आणि धडक बसून खाली कोसळणाऱ्या माणसाकडून आपण ते वाचण्याची अपेक्षा धरतो.

ही रक्कमसुद्धा सहज आलेली नाही. १९८२ साली जुन्या कायद्यात दुरुस्ती होऊन पळून जाणाऱ्या वाहनांच्या बळींसाठी निधी आला, तेव्हा मृत्यूला ५,००० आणि गंभीर दुखापतीला १,००० रुपये होते. १९८८ च्या कायद्यानं ते ८,५०० आणि २,००० केले. १९९४ मध्ये २५,००० आणि १२,५०० झाले, आणि मग अठ्ठावीस वर्षं कुणाला त्यांची आठवण झाली नाही. आजचे आकडे २०१९ च्या दुरुस्तीतले, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्या अठ्ठावीस वर्षांत सोन्याचा, सिमेंटचा, दवाखान्यातल्या खाटेचा भाव कुठं गेला ते वाचकांना ठाऊक आहे.

बरं, हे तरी मिळतं का? कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. मोडलेली हाडं आयुष्यभर जोडणाऱ्या माणसाला ती मुळात मोडतात का, हा प्रश्न पडावा हे साहजिकच. त्या प्रकरणात १२ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयानं एक हिशेब समोर मांडला. आधीच्या पाच वर्षांत या योजनेतून देशभर फक्त ६६० मृत्यूंसाठी आणि ११३ जखमींसाठी पैसे दिले गेले, एकूण १८४.६० लाख रुपये. एका वर्षात तीस हजार मृत्यू आणि पाच वर्षांत ६६० दावे. योजना अपुरी आहे ही नंतरची तक्रार. ती कुणाला माहीतच नाही, ही पहिली.

न्यायालयानं त्यावर पोलिसांना आदेश दिला: प्रयत्न करूनही महिन्याभरात वाहनाचा पत्ता लागला नाही, तर जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची माहिती लेखी द्या, अर्ज कुणाकडे करायचा तेही सांगा, आणि अपघाताचा अहवाल थेट दावा चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवा. आदेश चांगला आहे. पण असं पत्र घरी आलं नाही म्हणून वाट पाहत बसू नये, आपणच ठाण्यात जाऊन ते मागावं.

तर आता त्या टेम्पोकडे परत जाऊ. काय करायला हवं होतं?

पहिलं म्हणजे ११२ किंवा १०८. टेम्पोत घालून नेणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी मणक्याला मार असेल तर हलवण्यानं इजा वाढते. रुग्णवाहिका येणारच नसेल तर गोष्ट वेगळी. दवाखाना सरकारी असो की खाजगी, उपचार नाकारता येत नाहीत. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलं आहे, की आधी जीव, मग पोलिसांचे सोपस्कार. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजना आहे: ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. गाडी सापडलेली नसली तरी ती लागू होते. भरतीच्या टेबलावर अनामत मागितली जाईल तेव्हा या योजनेचं नाव घ्यायला कुणीतरी शुद्धीवर असलं पाहिजे.

दुसरी गोष्ट केसपेपरची, आणि माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची. "गाडीनं धडक दिली आणि ती पळून गेली" हेच सांगायचं, पहिल्याच खिडकीवर, याच शब्दांत. मग डॉक्टर ‘एमएलसी’ करतात, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण म्हणून नोंद होते आणि रुग्णालयातली पोलीस चौकी जबाब घेते. "घसरून पडले" असं एकदा लिहिलं गेलं, की पुढं विमा कंपनीचा वकील वर्षानुवर्षं तोच कागद हलवत राहतो. तो चुकीचा आहे असंही त्याला म्हणता येत नाही. अपघाताच्या रात्रीचा कागद न्यायालयाला नंतरच्या साक्षीपेक्षा जास्त खरा वाटतो.

तिसरी गोष्ट आठवणींची. धडकेनंतर पहिल्या तासात डोळ्यांसमोर असलेलं चित्र दुसऱ्या दिवशी पुसट होतं, तिसऱ्या दिवशी त्यात ऐकीव गोष्टी मिसळतात. म्हणून सोबत असलेल्यानं मोबाईलवर बोलून ठेवावं: गाडी ट्रक होती की पिकअप, रंग, मागच्या फळीवर लिहिलेली अक्षरं, बॉडीवरचे पट्टे, नंबराचे दिसले असतील ते आकडे, गेली त्या दिशेचं गाव. रस्त्यावर पडलेल्या इंडिकेटरच्या काचा, रंगाचे पोपडे, आरशाचा तुकडा उचलू नयेत. फोटो काढून पोलिसांना दाखवावेत, म्हणजे ते घटनास्थळाच्या पंचनाम्यात येतात. तुटलेल्या दिव्यावरून गाडीचं मॉडेल कळतं आणि त्यावरून शोधाचं वर्तुळ लहान होतं.

चौथी गोष्ट कॅमेऱ्यांची. पेट्रोल पंप, धाबा, सराफाचं दुकान, सोसायटीचं फाटक, टोलनाका. खाजगी कॅमेऱ्यांतलं जुनं चित्रण काही दिवसांतच नव्या चित्रणाखाली पुसलं जातं. तपासी अंमलदाराकडे अनेक गुन्हे असतात; तो चौथ्या आठवड्यात पोहोचला तर दुकानदार खरंच म्हणेल, "साहेब, आता नाही राहिलं." म्हणून दुसऱ्याच दिवशी ठाण्यात अर्ज द्यायचा: अमुक अमुक ठिकाणचं, अमुक वेळेचं चित्रण जप्त करावं. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच घेतलेला कागद आपल्याकडे मंत्रासारखा चालतो, हे शेतकऱ्याला तलाठ्याकडे आणि पेन्शनराला ट्रेझरीत जाऊन कळलेलंच असतं.

पाचवी गोष्ट फिर्यादीची. अपघात कुठल्याही हद्दीत झाला तरी कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो; शून्य क्रमांकानं नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवतात. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. अंमलदार टाळाटाळ करत असेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार, तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी. वाहन सापडलं नाही तर पोलीस ‘ए समरी’ दाखल करतात. ‘गुन्हा खरा, आरोपी मिळत नाही’ असा तिचा अर्थ. पुष्कळांना वाटतं, इथं सगळं संपलं. खरं तर कलम १६१ च्या दाव्यासाठी हा कागद अडचण नाही, आधार आहे. जिथं अपघात झाला त्या तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांतांकडे, ठरलेल्या नमुन्यात अर्ज करायचा. सोबत फिर्याद, दवाखान्याचा दाखला, ओळखपत्र, पासबुक. नियमाप्रमाणे त्यांनी महिन्यात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी, आणि पुढच्या पंधरा दिवसांत खात्यावर पैसे. गाडी नंतर सापडली तर क्लेम कोर्टाची वाट मोकळीच असते. तिथून भरपाई मिळाली तर हे पैसे परत करायचे, एवढंच हमीपत्र द्यावं लागतं. क्लेम कोर्टात जायला २०१९ च्या दुरुस्तीनं सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण आपण सहा महिनेच हातात आहेत असं धरून चालावं. आणि फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही. तिथं पुराव्याची कसोटी वेगळी असते, निःसंशय सिद्धतेऐवजी कशाची शक्यता अधिक ते पाहिलं जातं.

हे सगळं वाचून दमायला होतं ना? पाय वजनाला टांगलेला असताना हे करायचं असतं. आणि नेमक्या याच दमलेल्या अवस्थेत कॉटपाशी एक सभ्य माणूस येतो. "काका, काळजी करू नका, सगळं माझ्यावर सोडा. गाडीचीही सोय करू."

‘गाडीची सोय’ या शब्दांवर थांबायला हवं. नंबर नसेल तर ५०,००० आणि नंबर असेल तर कितीतरी लाख, असा फरक ठेवला की नंबराला बाजारभाव येणारच. मग विमा असलेली एखादी गाडी ‘लावली’ जाते, एखादा परवानाधारक चालक म्हणून उभा राहतो, एखादा साक्षीदार ‘बघितलेला’ असतो. अशा खोट्या दाव्यांचा प्रश्न उत्तर प्रदेशात एवढा वाढला की उच्च न्यायालयाला विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि पुढं सर्वोच्च न्यायालयानंही तो हाती घेतला. विमा कंपन्या हे दाखवून म्हणतात, बघा, जखमी लोक लबाड असतात. मला उलट दिसतं. खऱ्या जखमेला खोटी गाडी जोडावी लागते, कारण खऱ्या जखमेला स्वतःची काही किंमतच ठेवलेली नाही. दलालाचं मी समर्थन करत नाही. तो या दरीच्या काठावर दुकान मांडून बसला आहे. पण दरी त्यानं खणलेली नाही.

दुसरी रीत असू शकते का? असू शकते, आणि ती जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९४६ साली विमा कंपन्यांनी मिळून मोटर इन्शुरर्स ब्युरो ही संस्था उभी केली. १९६९ पासून तिनं न सापडलेल्या चालकांच्या बळींची जबाबदारीही घेतली. तिथं ठोक रक्कम नाही. चालक सापडला असता तर न्यायालयानं जेवढी भरपाई दिली असती त्या मापानं दुखापतीची रक्कम ठरते. पैसा येतो विमा कंपन्यांवरच्या वर्गणीतून, म्हणजे शेवटी प्रामाणिकपणे विमा भरणाऱ्या सगळ्या वाहनधारकांकडून. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन अपघात निधी निर्माण केला आहे. म्हणजे भांडं आहे, त्यातून वाढायचं माप तेवढं चुकलं आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो पैशाचा. २०२२ च्या मृत्यूंना नुसते दोन-दोन लाख द्यायचे म्हटले तरी ६०९ कोटींवर जातात. पूर्ण भरपाई म्हटली तर कितीतरी पट. खरं आहे. पण हा खर्च आजही होतोच आहे. गवंड्याच्या बायकोच्या मंगळसूत्रातून, थोरल्याच्या सुटलेल्या शाळेतून, सावकाराच्या व्याजातून. प्रश्न खर्च करायचा की नाही हा नाहीच. तो एका घरावर टाकायचा की रस्ता वापरणाऱ्या सगळ्या गाड्यांवर वाटायचा, एवढाच आहे. विमा या कल्पनेचा जन्मच त्या वाटणीतून झाला.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: निधीनंच पैसे दिले तर पळणाऱ्याचं फावणार नाही का? मला याच्या नेमकं उलट होईल असं वाटतं. आज अज्ञात वाहनाला शोधण्यात सरकारचा काही फायदा नाही. शोधलं तर तपासाचा खर्च, नाही शोधलं तर ‘ए समरी’. उद्या दर न सापडलेल्या गाडीमागे सरकारी निधीतून दहा-पंधरा लाख जायला लागले आणि सापडलेल्या चालकाकडून ते वसूल करता येऊ लागले, तर पळालेल्याला शोधणं ही सरकारचीच गरज होईल. जखमीच्या हितासाठी जे होत नाही ते तिजोरीच्या हितासाठी होतं, हा आपला अनुभव आहे.

आणि शोधता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये, राखीपौर्णिमेच्या सुमारास, नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ एका ट्रकनं दुचाकीला धडक दिली. मागं बसलेली बाई गेली. नवऱ्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात केला. कुणी थांबलं नाही. शेवटी त्यानं बायकोचा मृतदेह दुचाकीला बांधला आणि तो गावाकडे निघाला. त्याचं चित्रण देशभर फिरलं. ट्रकबद्दल त्याला सांगता आलं ते एवढंच, की ट्रक मोठा होता आणि त्यावर लाल खुणा होत्या. नागपूरच्या पोलिसांनी टोलनाक्यांवरचं चित्रण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं तपासलं आणि ३६ तासांत शेकडो किलोमीटरवरून तो ट्रक शोधून काढला. पोलिसांचं कौतुक करायलाच हवं. आणि मग विचारायला हवं: ज्यांचं चित्रण फिरलं नाही, त्यांचे ट्रक कुठं आहेत? ‘अज्ञात’ हा वाहनाचा गुण नसतो. आपण किती शोधलं याचं ते माप असतं.

शिक्षेचं काय, असं वाचक विचारतील. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूला कारण होणाऱ्या आणि न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी त्याविरुद्ध संप केला, महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, सरकारनं माघार घेतली. १ जुलैला संहिता लागू झाली ती हे पोटकलम बाजूला ठेवून. त्या वादात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. हे कलम फक्त मृत्यूसाठी आहे. जखमीला रस्त्यावर टाकून पळणाऱ्याला त्या पळण्याबद्दल आजही मोटार वाहन कायद्याची सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा पाच हजारांपर्यंतचा दंड, एवढंच. माणूस मेला तरच पळणं मोठा गुन्हा, जगला तर किरकोळ.

संपकऱ्यांची बाजूही ऐकायला हवी होती. थांबलो तर जमाव मारतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. कायद्यालाही ते मान्य आहे: कलम १३४ नुसार चालकानं जखमीला वैद्यकीय मदत मिळवून दिलीच पाहिजे, पण जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर त्यातून सूट आहे. त्यानं चोवीस तासांत पोलीस ठाण्यात कळवलं म्हणजे झालं. म्हणजे आपल्या चौकाचौकांतल्या गर्दीची कीर्ती थेट कायद्याच्या पुस्तकात पोहोचली आहे. चालकाला बाहेर ओढून बडवणाऱ्या दहा जणांत जखमीचं रक्त थांबवायला वाकणारा कितीदा दिसतो? त्या दहा जणांना वाटतं आपण न्याय केला. पण त्यांच्यामुळे पुढच्या चौकातला चालक ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतो.

मात्र सगळे जमावाला भिऊन पळत नाहीत. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असेल तर गुन्हा. आणि दारू तासातासानं उतरत जाते. प्यायलेल्या चालकाला थांबणं महाग पडतं, रात्रभर लपून दुसऱ्या दिवशी हजर होणं स्वस्त. जुलै २०२४ मध्ये वरळीत पहाटे मासळी घेऊन परतणाऱ्या कोळी दांपत्याच्या स्कूटरला मोटारीनं उडवलं, बाईचा जीव गेला. संशयित चालक हाती लागला तो दोन दिवसांनी. ते प्रकरण न्यायालयात आहे, त्याच्या निकालाबद्दल इथं काही सुचवायचं नाही. पण दोन दिवसांनी घेतलेलं कुणाचंही रक्त काय सांगणार? जोपर्यंत पळण्यातून पुरावा पुसला जातो आणि पळण्याची शिक्षा थांबल्यावर सापडू शकणाऱ्या गुन्ह्यापेक्षा हलकी राहते, तोपर्यंत पळणं हा शहाणपणाचा हिशेब ठरतो. दहा वर्षांची धमकी देऊन ती मागं घेण्यापेक्षा हा हिशेब उलटा करणं जास्त उपयोगाचं: जमावापासून चालकाला संरक्षण, जवळच्या ठाण्यात किंवा ११२ वर तात्काळ कळवलं तर त्याची नोंद बाजूनं, आणि पळाला तर जखमी जगला तरीही जड शिक्षा.

राहता राहिलो आपण, बघणारे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानं आणि पुढं कायद्याच्या कलम १३४-अ नं सांगून टाकलं आहे, की जखमीला मदत करणाऱ्यावर कुठलीही जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचीही नाही. सरकार आता अशा माणसाला बक्षीसही देतं. तरी देवलापारजवळच्या त्या रस्त्यावर गाड्या पुढं जात राहिल्या. त्यांच्यातल्या प्रत्येकानं बहुधा मनात म्हटलं असेल, आपण कुठं धडक दिली? नव्हतीच दिली. पण पळाले मात्र तेही.

पुन्हा त्या खिडकीपाशी येऊ. केसपेपर लिहिणाऱ्यानं विचारलं आहे, "काय झालं?" भाच्यानं म्हणावं, "मामांना गाडीनं उडवलं. गाडी पळाली. नंबर दिसला नाही." आज या उत्तरातलं शेवटचं वाक्य त्याच्या मामाच्या पायाची किंमत ठरवतं, म्हणून ते सांगताना त्याला अपराधी वाटतं. नंबर दिसला नाही ही त्याची चूक नव्हे. खिडकीतल्या माणसानं तेवढं लिहून घ्यावं, खाली तारीख-वेळ टाकावी आणि आत हाक मारावी, "एक एमएलसी आहे, स्ट्रेचर आणा." पाय तपासायला गाडीचा नंबर लागत नाही. तो पाय मोजायलाही लागू नये.